छापील पानावर स्प्रे : आजच्या कामातलं थोडं

आज दिवसभर वर्तमानपत्राच्या जुन्या पानांवर स्प्रेकाम चाललं होतं. विषय बंदुकीचा. कोल्हापुरात तो लांबचा नाही. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून परतणाऱ्या कॉ. गोविंद पानसरेंवर इथेच गोळ्या झाडल्या गेल्या, 20 तारखेला ते गेले. म्हणून पानावर पिस्तूल नको, चपलांचा रिकामा जोड हवा. भोवती सगळं काळं आणि चपलांच्या आकारात फक्त छापील मजकूर, वाचता येईल असा.

आकार जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापायचा. बारीक पट्टे आधी, बाहेरची कड शेवटी, नाहीतर फिल्म हलते. कापून निघालेला आकार पानावर ठेवून कडेकडेने नाणी ठेवायची, पण आकाराच्या आतच. कड जरा उचलली की रंग खाली शिरतो आणि चपलेची कड पुसट दिसते.

स्प्रेचा डबा आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर आणखी मिनिटभर हलवायचा. अंतर वीतभराहून थोडं जास्त, 25 ते 30 सेंमी. हात सरळ वरून, तिरका नाही. पातळ तीन थर, मध्ये दहा-दहा मिनिटं. घाईत एकच जाड थर दिला की हा पातळ कागद सुरकुततो, पलीकडे डाग फुटतो. काम संपलं की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, तोंड तुंबत नाही.

लाल ओघळ मात्र अजिबात नकोत. रक्त दाखवलं की मजकूर कुणी वाचत नाही.

आणि साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. काम गच्चीवरच करा.