सेवाग्राम: बापूकुटीत थोडं बसा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून वर्धा काही लांब नाही, तरी मायनं सेवाग्राम पाहिलं नव्हतं. मे महिन्यात तिला घेऊन गेलो.

वर्ध्याहून गांधीजींचा आश्रम आठेक किलोमीटर, ऑटो मिळतो. रेल्वेनं येणाऱ्यांनी तिकीट नीट पाहा, वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. आश्रम सेवाग्राम स्टेशनलाही लागून नाही, तिथूनही ऑटो करावाच लागतो.

१९३६ साली गांधीजी इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. घर बांधताना खर्च कमीत कमी ठेवा आणि सामान जवळपासचंच वापरा, अशी त्यांची अट होती. आश्रमातलं पहिलं घर, म्हणजे आदी निवास, तसाच उभा राहिला.

पुढे गांधीजी राहिले ती बापूकुटी आधी त्यांच्या शिष्या मीराबेनची. मातीच्या भिंतीवर त्यांनी उठावात काढलेली ताडाची झाडं अजून आहेत. साप पकडून दूर सोडण्याचा चिमटा आणि पिंजराही आहे. लोक हे पाहतात नि दहा मिनिटांत निघतात. आम्ही जमिनीवर बसलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत डोक्यावर कवेलू (कौलं), जाड भिंती, खाली सारवलेली जमीन. घामच येईना. माय भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "आपल्या जुन्या घरी असंच होतं ना रे. शेणमाती दर आठ दिवसांनी लावा लागे." ते घर पाडून आम्ही स्लॅब टाकला, आता कूलर लावूनही दुपारी आत बसवत नाही. गावात घरकुल बांधायला निघालेल्या प्रत्येकानं आधी ही कुटी पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

चपला बाहेर काढाव्या लागतात आणि मेमध्ये अंगण तापतं, तेव्हा सकाळी लवकर जा किंवा उन्हं उतरल्यावर. पाण्याची बाटली जवळ ठेवा. संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना उघड्यावर, झाडाखाली होते. मुक्काम नसेल तर परतीची शेवटची बस आधीच विचारून ठेवा. हाताशी वेळ असेल तर वर्ध्यातलं खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय पाहा, १९३८ पासूनचं आहे. नागपूरकडे जाणाऱ्यांना वाटेतच पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम लागतो.

माय प्रार्थनेला थांबली. आमची बस चुकली, पुढच्या ऑटोनं वर्ध्याला गेलो.