गुलमोहराच्या जागी कांचन

रविवार, रात्रीचे ११. मागच्या जूनच्या वादळात गुलमोहर पडला तेव्हापासून अंगणातली ती जागा रिकामीच आहे, आणि बाबा रोज पलंगावरून खिडकीबाहेर त्याच जागेकडे बघत बसतात. आज शेवटी ठरवलं, कांचन लावायचा.

वर्षभर घरात नुसती चर्चा. दादाला परत गुलमोहरच हवा होता, पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरतात, आणि मूळचा तो मादागास्करचा, यावेळी मला इथल्याच मातीतलं झाड हवं होतं. वहिनीला बहावा हवा होता, मलाही तो जीव की प्राण आहे, एप्रिल-मेमध्ये आपल्या इंदूरच्या उन्हात ते पिवळे झुंबर लटकले की बघत राहावं. पण भिंत आणि घर यांच्यात जागा जेमतेम १२ फूट, बहावा सहज ३०-४० फूट जातो, परत फांद्या छाटत बसा. तामण जांभळा इतका सुंदर, पण त्याला ओलावा हवा आणि आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते.

कांचन मात्र मध्यम राहतो, छाटलेला चालतो, आणि फाल्गुनात पानं झडून गेली की सगळं झाड गुलाबी-जांभळं. शिवाय आई होती तेव्हा शेजारच्या काकींकडून कचनारच्या, म्हणजे कांचनच्याच, कळ्यांची भाजी शिकली होती, दही घालून करायची, ती चव अजून जिभेवर आहे. फक्त दसऱ्याला लोक आपटा समजून त्याचीच पानं ओरबाडून नेतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, आमच्या झाडाला मी हात लावू देणार नाही.

नर्सरीत गेले तर तिथे "कचनार" म्हणून काहीही देतात. एक जात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानांसकट फुलते, एक हाँगकाँगची संकरित, तिला शेंगाच धरत नाहीत, आणि रोप लहान असताना पानं सगळ्यांची तीच, उंटाच्या खुरासारखी. म्हणून रोप घेतलंच नाही. लोकमान्य नगरात एका घरासमोरचा कांचन मार्चमध्ये फुललेला मी स्वतः पाहिलाय, त्यांना विचारून आज त्याच्याच वाळलेल्या शेंगा आणल्या. बी लवकर रुजते, नीट वाढलं तर दोन-तीन वर्षांत फूल येतं. पाऊस नीट लागला की मुरूम आणि शेणखत मिसळून लावेन, पाणी साचायला नको.

बाबांना जागा दाखवली तर म्हणाले, जरा डावीकडे घे गं, पडल्या पडल्या दिसायला हवं. तिथे काठी रोवून ठेवलीय.

आत्ता हे लिहितेय तर पेपरवर पसरलेली एक शेंग ताडकन फुटली, बी पार टीव्हीखाली गेली. आतून बाबा विचारतायत, काय गं वाजलं?