तुम्ही विचारलंत म्हणून: वकील नसताना तंत्रज्ञान कायदा शिकावा का?

"पतसंस्थेत सिस्टिम सांभाळतो, एलएल.बी. केलेली नाही. तंत्रज्ञान कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण मला झेपेल का, आणि त्याचा उपयोग काय?" चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचे आयटीवाले, बँकवाले, होमस्टेवाले आम्हाला हे नेहमी विचारतात.

झेपेल. मात्र एलएल.एम.च्या, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, नादी लागू नका, त्याला एलएल.बी. लागतेच. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची किंवा हैदराबादच्या नालसारची सायबर कायद्याची पदव्युत्तर पदविका बघा. दूरशिक्षण असल्यामुळे नोकरी सोडावी लागत नाही. परीक्षा कुठे द्यायची, संपर्कवर्गांना जावं लागतं का, हे फी भरायच्या आधी विचारून घ्या. पदविकेने सनद मिळत नाही. कोर्टात उभं राहायचं असेल तर पदवीनंतर तीन वर्षं वर्गात बसूनच एलएल.बी. करावी लागते.

तांत्रिक माणसं पहिल्या सत्रात अडखळतात ती कायदा वाचताना. मथळा वाचून अर्थ लावतात. वाचायचं ते असं: आधी व्याख्या, मग कलम, मग त्याचं परंतुक (म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद किंवा अट), मग नियम, आणि शेवटी लागू झाल्याची तारीख. ही तारीख फार महत्त्वाची. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३अ, म्हणजे संवेदनशील डेटा नीट न जपणाऱ्या कंपनीकडून भरपाई मिळवून देणारं कलम, जिवंत आहे. जुनी गाइडं तर मुळीच वापरू नका. त्याच कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, तरी त्यानंतरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात होते.

अभ्यासाला स्वतःच्या कामातला एक व्यवहार घ्या. समजा, मालवणातला होमस्टे आहे. पाहुणा आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो मालकाच्या गॅलरीत उतरतो, तिथून आपोआप क्लाउडवर जातो, आणि खोल्या बघणाऱ्या मुलाच्या फोनवरही पुढे पाठवला जातो. एका फोटोच्या चार प्रती झाल्या. आता प्रश्न घाला: डेटा कशासाठी घेतला? पाहुण्याला ते कोणत्या भाषेत सांगितलं? काम झाल्यावर कोण, कुठून पुसणार? नव्या कायद्यात जबाबदारी मालकावर येते, आणि सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. लहान होमस्टेला तेवढा दंड बसेल असं नाही, कारण रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य पाहिलं जातं. पण प्रती कुठे कुठे आहेत हा नकाशा वकील काढू शकत नाही, तुम्ही काढू शकता. वकील नसलेल्याने हा विषय शिकावा तो यासाठीच, असं आमचं ठाम मत आहे.

पुराव्याच्या प्रकरणालाही भरपूर वेळ द्या. हापूसच्या पेट्यांचा दर वाशीच्या दलालाशी चॅटवर ठरतो, आणि वाद झाला की बागायतदार स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसून टाकतो. इथे दावा लंगडा पडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात: भाग अ साधन ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा जणू अंगठ्याचा ठसा, येतं. फाइल कापली किंवा नव्याने जतन केली की हॅश बदलतं. म्हणून चॅट आधी पूर्ण एक्स्पोर्ट करा, लगेच एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

प्रकल्पाचा विषय निवडताना सर्ट-इनचे (सायबर घटनांवर काम करणाऱ्या केंद्र सरकारी यंत्रणेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश घ्या, असं आम्ही सुचवतो. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग (सिस्टिममध्ये आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, एवढ्या दोन अटींवर आपल्या कार्यालयाची व्यवस्था तपासून पाहा. बहुधा ३० दिवसांतच जुन्या लॉगवर नवे लिहिले जाऊन जुने पुसले जात असतात, आणि रविवारी रात्री कळवायचं कोणी, हे कुठल्याच कागदावर नसतं.