कोठारा ते चिखलदरा: सगळ्या मंडळ्यांची पायवारी

१८ ते २५ जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा. आम्ही त्याच दिवसांत चालतो. परतवाड्याजवळच्या कोठारा इथल्या कुष्ठरोग दवाखान्यापासून निघायचं आणि चिखलदऱ्याला पोचायचं, तीसेक किलोमीटर. पहिल्या दिवशी पऱ्हाटी आणि तुरीच्या वावरांमधला सपाट रस्ता, दुसऱ्या दिवशी घाट. चढ सातशे मीटरच्या आसपास. सोबत वेगवेगळ्या मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, लोक असतात: कॅथलिक, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), अलायन्सचे (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स), मेथॉडिस्ट आणि मेळघाटातले कोरकू आदिवासी विश्वासी.

चाल कोणाची धरायची, हे आधी ठरवावं लागतं. आम्ही ती ज्यांच्या तळव्यांना संवेदना नाही त्यांची धरतो. औषधांनी कुष्ठरोग बरा होतो, पण बधिर झालेला पाय बहुतेकदा बधिरच राहतो. त्यात खडा रुतला, फोड आला तरी दुखत नाही. माणूस चालत राहतो आणि जखम संध्याकाळी दिसते. जुन्या मधुमेहींचंही तेच. म्हणून दर तीन-चार किलोमीटरला थांबायचं, चपला काढायच्या आणि जोडीदाराने हाताच्या मागच्या बाजूने तळवा चाचपायचा. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली तर तिथेच जखम होणार. विश्रांतीनंतरही लाली उतरली नाही तर पुढचा टप्पा गाडीत. फोड फोडायचा नाही, स्वच्छ कापडाने झाकायचा. चप्पल एमसीआर रबराची (मऊ, सूक्ष्म छिद्रांचं रबर), मागे पट्टा असलेली, आणि आधी दोन आठवडे रोज थोडा वेळ घालून पायाला बसलेली हवी. मुक्कामी कुष्ठरोगातून बरं झालेल्यांनी पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवून तेल लावायचं. थंडी आहे म्हणून ऊन पाणी देऊ नये, चटका कळत नाही.

जोडीदार आम्ही मुद्दाम दुसऱ्या मंडळीतला देतो. एक अवयव दुखला की सगळे त्याच्यासोबत सोसतात, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं. ज्या पायाला स्वतःचं दुखणं कळत नाही, त्याचं दुखणं दुसऱ्याच्या हातालाच ओळखावं लागतं.

खटके उडतात ते साध्या जागी. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते, पण ‘वाइटापासून सोडव’ इथे कॅथलिक थांबतात आणि बाकीचे ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे जातात. मग माना वळतात. खरं तर मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, त्या ओळी कॅथलिकही म्हणतात, फक्त मध्ये फादरांची प्रार्थना येते. हे निघण्याआधीच सांगून टाकलं की कुजबुज होत नाही. रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणणाऱ्यांना सकाळचा पहिला तास. बाकीच्यांनी तेव्हा मूक चालावं, भजन सुरू करू नये. वाचन नव्या करारातूनच, कारण जुन्या करारातल्या पुस्तकांची संख्या कॅथलिक आणि बाकीच्यांच्या बायबलांत वेगळी आहे.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, या वारीत नसतं. कॅथलिक नियमाप्रमाणे ते सगळ्यांना एकत्र घेता येत नाही, आणि काहींना याचं फार वाईट वाटतं. वाटू द्यावं. नियम डावलून ऐक्याचा देखावा करण्यापेक्षा ती उणीव एकत्र सोसावी, असं आमचं ठाम मत आहे. ऐक्याला वेळ लागतोच: नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या मिळून सीएनआय झाली, तेव्हा बोलणी १९२९ पासून चाललेली होती.

पंगत मात्र एकच. चाळीस जणांना ज्वारीचं पीठ सहा किलो, तूरडाळ दोन किलो, तांदूळ तीन किलो, वांग्याची भाजी. मांस नाही, म्हणजे शुक्रवार पाळणाऱ्याला वेगळं बसावं लागत नाही. बोटं झिजून आखूड झालेल्यांसाठी खोलगट ताटं आणि जाड दांड्याचे चमचे घ्या. भाकरी कुस्करून वाढायला शेजारी बसवा, पण आधी त्यांना विचारा.

घाटात उजाडताच लागावं आणि दिवस बुडायच्या आत वर पोचावं. जंगलात अस्वल आणि वाघ दोन्ही आहेत. भोंगा न्यायचा नाही. पुढे कोरकू भाऊ, गाडी सगळ्यांच्या मागे. पाणी माणशी तीन लिटर गाडीतच ठेवावं, नाहीतर धडधाकट पोरं पुढे निघून जातात आणि रांग तुटते. वर पोचल्यावर योहानाचा १७वा अध्याय, ज्यात ‘सर्वांनी एक व्हावे’ ही येशूची प्रार्थना आहे, आधी कोरकूत वाचतात, मग मराठीत.