पाच सुपं आणि पिवळ्या बांबूचा तुकडा

भाच्याच्या लग्नासाठी मे महिन्यात पुण्यात पाच दिवस होते. हळद, लग्न, पूजा, ट्रॅफिक, सगळं नीट पार पडलं. लिहायचंय ते शेवटच्या दिवशीच्या सकाळबद्दल.

त्याआधी एक गोष्ट. कार्यालयाच्या लॉनच्या कडेने पिवळा बांबू लावला होता. पिवळ्याधमक कांड्या आणि त्यांवर कुंचल्याने ओढल्यासारख्या हिरव्या रेघा. दाराशी कुंड्यांमध्ये बुटका बांबू, प्रत्येक पेर घागरीसारखं फुगलेलं, ज्याला नर्सरीत ‘बुद्धाज बेली’ म्हणतात. मी सिंधुदुर्गातली. आमच्या घरामागे माणग्याचं, म्हणजे आमच्याकडच्या बांबूचं, बेट आहे, त्यामुळे बांबू दिसला की माझे पाय थांबतात. माळीदादा छाटणी करत होते, त्यांनी पिवळ्याचा हातभर तुकडा मला दिला. पाहुण्यांना भेट म्हणून काचेच्या भांड्यातलं ‘लकी बांबू’ दिलं, ते मात्र मला खटकलं. तो बांबूच नाही, ड्रॅसिना आहे. बांबू गवताच्या कुळातला. आपल्या कायद्यातही ही गफलत होती: 1927च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजला जायचा. रानाबाहेरचा बांबू त्यातून सुटला तो 2017 साली.

तर शेवटची सकाळ. नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपं ओवसायचा विधी, भाद्रपदात; त्यासाठी ताईला पाच सुपं हवी होती. गौरी-गणपतीच्या तोंडावर भाव चढतात म्हणून आत्ताच घेऊ म्हणाली. गणेश पेठेतल्या बुरूड आळीत गेलो. भिंतींना शिड्या टेकवलेल्या, खाली टोपल्यांच्या उतरंडी, तट्ट्यांच्या गुंडाळ्या, आणि एका कोपऱ्यात तिरडीचे बांबू. लग्नघरातून आलेली ताई त्या कोपऱ्याकडे बघेना.

एका दुकानाच्या पायरीवर साठीच्या पुढच्या एक मावशी बांबूच्या कामट्या, म्हणजे विणायच्या पट्ट्या, काढत बसल्या होत्या. बांबूच्या टोकाला कोयता लावला, एक हलका ठोका, आणि मग पुढचं सगळं दोन्ही हातांनी. पायाच्या अंगठ्यात एक टोक धरायचं, चीर सरळ जातेय ना ते बोटांनी चाचपत ओढत न्यायचं. चर्र असा आवाज होत होता. गाठ आली की मनगट जरा वळायचं, चीर गाठीतून पलीकडे जायची. हिरव्या पाठीची कामटी इतकी पातळ निघाली की उन्हात धरली तर बोटाची सावली दिसत होती. “ही वरची पाठ सुपाला,” त्या म्हणाल्या, “आतला गर जाड पाटीला.”

पिशवीतून डोकावणारा माझा पिवळा तुकडा त्यांनी स्वतःच काढून घेतला.

“हे कुठलं गं?”

“कार्यालयाच्या बागेतलं.”

त्यांनी कोयता लावला. चीर दोन बोटं सरळ गेली आणि कडेला सुटली. दुसऱ्यांदा लावला, तेच. “बघ, ह्याची कामटी सरळ सुटत नाही, वाकवली की मोडती. आन साखर लई ह्यात, भुंगा सोडत नाही. दिसायला छान हाय, बागंतच असूं द्या.” फुगीर पेरांच्या बांबूचा फोटो दाखवला तर त्यांनी नुसती मान हलवली. एवढ्या आखूड पेराची लांब कामटी निघणार कशी!

मग मी माणग्याबद्दल सांगितलं. काटे नाहीत, बुंध्याकडे जवळजवळ भरीव, मांडवाला, पडवीच्या खांबाला, नारळ पाडायच्या काठीला आम्ही तोच घेतो. आणि तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, निदान तीन पावसाळे पाहिलेला. पावसात कोंब वर येत असताना बेटात कोयता घालायचा नाही. मावशींचे हात थांबले. “आमचे वडील बी हेच सांगायचे,” म्हणाल्या. “आता माल ट्रकनं येतो. कुणी कधी तोडला, कुणाला ठावं.” त्यांच्या बोलण्यात जे दुखत होतं ते मला कळलं, कारण अवेळी तोडलेल्या कळकाचा आमच्या गोठ्यात दोन वर्षांत भुगा झाला होता.

एवढ्यात ताईने भाव विचारला. एका सुपाचे दोनशे. ताई म्हणाली, दीडशे. एका कामटीला किती वेळ लागतो ते आम्ही दोघींनी आत्ताच, समोर उभं राहून पाहिलं होतं. मला फार वाईट वाटलं. सुपाच्या भावात घासाघीस करू नका, असं इथे ठासून लिहिणार होते. पण गेल्याच वर्षी कुडाळच्या बाजारात रोवळीचे वीस रुपये मीच कमी करून घेतले होते, आणि ते मला तिथे, त्या पायरीसमोरच आठवलं. मी ताईच्या हातावर हात ठेवला आणि हजार रुपये दिले. ताई रिक्षात बसेपर्यंत बोलली नाही.

निघताना मावशींनी पाचही सुपं उन्हाकडे धरून विणीतून आरपार पाहिली, एक बाजूला काढलं, दुसरं दिलं. माझा तुटका पिवळा तुकडा परत हातात ठेवला आणि म्हणाल्या, “पुढच्या येळी माणग्याची कांडी आण. नाव लई ऐकलं, हातात नाही धरला कधी.”

बाबांना घरी आल्या आल्या सांगितलं. आता पाऊस लागलाय, बेटात कोंब गुडघाभर वर आलेत, त्यामुळे कोयता दिवाळीनंतरच. कुठली काठी ते त्यांनी ठरवून ठेवलंय, बुंध्याला सुंभाची खूण बांधली आहे. एसटीत लांब काठी घेऊ देत नाहीत, म्हणून चार पेरांचीच नेणार आहे.