‘हे कुठे दिसलं?’ : मोडकळीला आलेली लग्नं वाचताना

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधिका लिहायची होती. विषय मीच निवडला: नाटकात आणि कवितेत बिघडलेलं लग्न कसं उभं राहतं, आणि त्यातली माणसं जे करतात ते का करतात. बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा शिकायला बसले होते. संसाराचा अनुभव गाठीशी होता, त्यामुळे वाटलं, तरुण मुलांपेक्षा हा विषय आपल्याला जास्त कळेल.

चार संहिता घेतल्या. इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ आणि शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ ही दोन नाटकं. ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ आणि फ्रॉस्टची ‘होम बरिअल’ या दोन कविता. पहिला खर्डा झपाट्याने झाला, लिहिताना हात थांबत नव्हता. नोरा बिचारी भोळी, तिचा नवरा हेल्मर स्वार्थी. ब्राउनिंगचा ड्यूक खुनी. फ्रॉस्टच्या कवितेतला बाप दगडाच्या काळजाचा. सगळ्यांचे निकाल लावून मोकळी झाले.

मार्गदर्शक मॅडमनी तो खर्डा आठवड्याने परत दिला. लाल शाई कुठेच नव्हती. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता, एकोणीस ठिकाणी: ‘हे तुम्हाला कुठे दिसलं?’

मला राग आला, हे कबूल करते. नोरा भोळी आहे हे काय दाखवून द्यायला हवं? घरी येऊन पहिला अंक पुन्हा उघडला तो वाद घालायच्या तयारीनेच. पहिल्याच पानांवर नोरा मॅकरून, म्हणजे बदामाची गोड बिस्किटं, खाते आणि नवऱ्याची चाहूल लागताच पुडी खिशात टाकून तोंड पुसते. त्याने तिला ते खायला बंदी केलेली आहे. तो विचारतो तेव्हा ती सरळ खोटं बोलते, तेही अगदी सहज. इथपर्यंत ठीक, याला भोळेपणाच म्हणता येईल. पण पुढे ती मैत्रिणीला कर्जाची गोष्ट सांगते. नवऱ्याच्या आजारपणात त्याला इटलीला नेण्यासाठी तिने गुपचूप पैसे उचललेले असतात. मैत्रीण विचारते, नवऱ्याला कधीच सांगणार नाहीस का? नोरा म्हणते, सांगेन कदाचित, पुष्कळ वर्षांनी, मी आत्ताइतकी सुंदर राहिले नाही म्हणजे. त्याला माझं नाचणं, नटणं नकोसं झालं म्हणजे हाताशी काहीतरी शिल्लक असलेलं बरं.

हे वाक्य मी आधी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा माझी नजर त्यावरून घसरून गेली होती. ही भोळी बाई नाही. आपलं लग्न कशावर चाललंय, हे तिला पक्कं माहीत आहे. रूप ओसरल्यावर काय, याची तजवीज तिने उपकाराच्या रूपाने बाजूला ठेवली आहे. आणि तरीही ती नवऱ्यावर प्रेम करत नाही असंही नाही. त्याच्यासाठीच तर तिने कर्जाच्या कागदावर वडिलांची खोटी सही केली. त्या सहीखालची तारीख आहे वडील गेल्यानंतरची, तिसऱ्या दिवसाची. प्रेम आणि हिशेब एकाच वाक्यात नांदताहेत, आणि मी त्यातलं एक काढून टाकलं होतं, कारण मला तिची बाजू घ्यायची होती.

राग गेला, पण घाबरले. दुसऱ्या खर्ड्यात मी वेगळीच वाट धरली. पात्रांच्या मनातलं छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर लेखकांच्या आयुष्यात शोधू, असं ठरवलं. सामग्री भरपूर मिळाली. इब्सेनच्या ओळखीतल्या लॉरा कीलर या लेखिकेने आजारी नवऱ्यासाठी खरोखरच कर्ज काढलं होतं, आणि ते उघड झाल्यावर नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. फ्रॉस्टचा पहिला मुलगा 1900 साली लहानपणीच गेला. मूल गेलेल्या जोडप्याची ‘होम बरिअल’ 1914 साली छापून आली. हे वाचताना अंगावर काटा आला, आणि आपल्याला किल्ली सापडली असं वाटलं.

मॅडमनी सगळं शांतपणे वाचलं. मग म्हणाल्या, ‘‘लॉराचं काय झालं ते कळलं. आता नोराचं सांगा.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्राउनिंगचा किस्सा मी स्वतःच त्या खर्ड्यात घातला होता, तरी त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. आपल्या गेलेल्या बायकोच्या हसण्याबद्दल ड्यूक म्हणतो, मी आज्ञा दिल्या, आणि सगळी स्मितं एकदमच थांबली. त्या आज्ञा कसल्या, असं म्हाताऱ्या ब्राउनिंगला कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, तिला मारून टाकायच्या. मग जरा थांबून म्हणाला, किंवा तिला मठातही धाडलं असेल. ज्याने ओळ लिहिली त्यालाच पक्कं सांगायचं नाहीये, आणि मी त्याच्या चरित्राकडून उत्तर मागत होते.

तिसऱ्या वेळी मात्र वही घेतली आणि पानावर चार रकाने आखले. बोलतंय कोण, कुणाशी, या वाक्याने त्या क्षणी काय पदरात पाडून घ्यायचंय, आणि न बोलता काय ठेवलंय. स्वभावाला रकाना ठेवला नाही. ‘स्वार्थी’, ‘भोळी’, ‘क्रूर’ हे शब्द वहीत लिहायचेच नाहीत, असं स्वतःला बजावलं. दिवसाला जेमतेम तीस-चाळीस ओळी होत. फार संथ काम होतं, पण त्या दोन महिन्यांइतकं मन लावून मी आयुष्यात काही वाचलेलं नाही.

ड्यूकची कविता छप्पन्न ओळींची. पहिल्या रकान्यात शेवटपर्यंत एकच नाव. पण दुसरा रकाना भरताना कळलं की खरी गोष्ट तिथे आहे. तो बोलतोय एका सरदाराच्या दूताशी, आणि तो दूत आलाय त्या सरदाराच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला. पडद्यामागचं पहिल्या बायकोचं चित्र दाखवून हा माणूस पश्चात्ताप करत नाहीये, आणि त्याच्या तोंडून चुकून काही निसटतंय असंही मला आता वाटत नाही. पुढच्या बायकोने कसं वागायचं, ते तो तिच्या घरी पोचवतोय. पहिली कुणाकडेही बघून हसायची. कुणी चेरीची फांदी आणून दिली तरी तिला तितकाच आनंद व्हायचा जितका माझ्या नऊशे वर्षांच्या घराण्याच्या नावाचा. ही तक्रार मेलेल्या बाईबद्दल असली, तरी ऐकणार आहे ती जिवंत मुलगी. ‘हा खुनी आहे का’ या प्रश्नावर मी पहिल्या खर्ड्यात सहा पानं खर्चली होती. ती फाडून टाकली.

‘ऑथेल्लो’त मी आधी अर्थातच ऑथेल्लो-डेस्डिमोनाचं लग्न घेतलं होतं. वहीमुळे नजर दुसऱ्या जोडप्याकडे गेली: बायकोबद्दल ऑथेल्लोचे कान भरणारा इयागो, आणि त्याची बायको, डेस्डिमोनाच्या दिमतीला असणारी एमिलिया. इयागोच्या हेतूंवर आजवर ढिगाने लिहिलं गेलंय. तो स्वतःच इतकी कारणं देतो की एकावरही विश्वास बसत नाही. त्यात मी फार वेळ घालवला नाही. मला अडवलं एमिलियाने. ऑथेल्लोने डेस्डिमोनाला भेट दिलेला रुमाल तिला सापडतो. नवऱ्याने तो चोरायला शंभरदा सांगितलंय, असं तीच म्हणते. कशाला हवाय ते तिला ठाऊक नाही, तरी ती देते. पुढे डेस्डिमोना विचारते, रुमाल गेला कुठे गं? ती म्हणते, मला नाही माहीत, बाईसाहेब.

तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? या खोट्याने तिला काय मिळतं? खूप दिवस ती जागा कोरी होती. तिने नवऱ्याची मर्जी राखली म्हणावं, तर नवरा रुमाल घेऊन तिच्याशी धड बोलतही नाही. तुला काय करायचंय, म्हणतो. उत्तर शेवटच्या अंकात मिळालं. डेस्डिमोनाचा खून केल्यावर ऑथेल्लो एमिलियाला सांगतो की ती बदफैली होती, हे तुझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तेव्हा एमिलिया एवढंच म्हणत राहते, ‘माझा नवरा?’ पुन्हा ‘माझा नवरा?’ ऑथेल्लो वैतागतो, किती वेळा तेच! मला वाटतं, ती त्याला विचारतच नाहीये. इतकी वर्षं जे न बघता चालवलं, ते ती त्या दोन शब्दांत पहिल्यांदा बघतेय. मग इयागो तिला गप्प राहून घरी जायला सांगतो, तेव्हा ती जमलेल्या लोकांना म्हणते: त्याचं ऐकणं योग्यच आहे, पण आत्ता नाही. आणि त्याला म्हणते, मी कदाचित घरी परत येणारच नाही. ‘पण आत्ता नाही’ या शब्दांपाशी मी पेन खाली ठेवलं. ती लग्नाचा नियम नाकारत नाही, मोठ्याने मान्य करते, आणि मान्य करताकरता मोडते. तिसरा रकाना तेव्हा भरला: रुमालाच्या वेळी तिला हवी होती ती घरातली शांतता. तिची किंमत कोण मोजणार, हे तिने विचारलं नव्हतं.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते ‘होम बरिअल’वर. घरातला जिना. बायको वर, खिडकीतून काहीतरी बघतेय. नवरा खाली. तो वर चढतो, ती आक्रसते. खिडकीतून घराण्याचं छोटं दफनस्थळ दिसतं, त्यात त्यांच्या बाळाची ताजी माती. तो म्हणतो, एका झोपायच्या खोलीएवढंच तर आहे, नाही? जिथे मूल झालं आणि जिथे ते पुरलं, त्या दोन्ही जागा त्याने एका वाक्यात शेजारी ठेवल्या, आणि आपण काय बोललो हे त्याला कळलेलं नाही. मातीच्या त्या उंचवट्याचं नाव काढताच ती ओरडते, ‘नको, नको, नको, नको.’

तिचा त्याच्यावरचा आरोप असा: बाळाची कबर तू स्वतः खणलीस, खडी उडत होती, आणि मग बुटाला ती माती तशीच असताना स्वयंपाकघरात बसून बोललास काय, तर तीन धुक्याच्या सकाळी आणि एक पावसाचा दिवस, की माणसाने बांधलेलं उत्तमातलं उत्तम बर्चचं कुंपणही कुजतं. अशा वेळी कुंपण!

पहिल्या खर्ड्यात मीही हेच म्हटलं होतं: अशा वेळी कुंपण! आता ते वाक्य रकान्यांत बसवू लागले. ‘माणसाने बांधलेलं उत्तमातलं उत्तम’. तो कशाबद्दल बोलतोय? आपण जीव ओतून जे उभं केलं ते चार दिवसांत मातीत जातं, हे सांगायला त्याच्याकडे कुंपणाखेरीज दुसरे शब्दच नव्हते. मग पहिल्या रकान्याकडे लक्ष गेलं आणि दचकले. हे वाक्य कवितेत तो बोलतच नाही, ती बोलते. त्याचं वाक्य तिने शब्द न् शब्द जपून ठेवलंय. ज्या वाक्याला आपण अर्थशून्य म्हणतो ते असं जपून ठेवतो का? तिला त्यातलं काहीतरी ऐकू आलं होतं, असं मी लिहिलं. मॅडमनी तिथेही पेन्सिलीने प्रश्न ठेवला. मी ‘असावं’ एवढा बदल केला आणि वाक्य राहू दिलं.

त्या सुमाराला एका मैत्रिणीबरोबर ही कविता मोठ्याने वाचली. नवऱ्याचे संवाद मी घेतले, बायकोचे, म्हणजे एमीचे, तिने. शेवटाकडे तो म्हणतो, झालं सगळं बोलून, आता बरं वाटेल, तू जाणार नाहीस, दार लाव. आणि लगेच, एमी! रस्त्यावरून कुणीतरी येतंय! वाचून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, ‘‘‘कुणीतरी येतंय’ म्हणालीस तेव्हा तू दाराकडे बघितलंस. तोवर मी थांबणार होते.’’ मी दाराकडे बघितल्याचं मला ठाऊकही नव्हतं. त्या ओळीने मान आपोआप वळवली होती. वही कितीही काळजीपूर्वक भरली असती, तरी हे बसल्या जागी कळलं नसतं.

तिसरा खर्डा मान्य झाला. उरली तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नोराबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, ते बरे गेले. मग त्यांनी ‘होम बरिअल’ काढली. कवितेच्या अखेरीला ती दार आणखी उघडतेय आणि नवरा म्हणतो, मी मागोमाग येईन, जबरदस्तीने परत आणीन, आणीनच! त्यापुढे एक आडवी रेघ, आणि कविता संपते.

‘‘तो जातो का तिच्यामागे?’’ त्यांनी विचारलं.

परीक्षेच्या आदल्या रात्री मी नुसत्या जागा लिहून काढल्या होत्या, कोण कुठे उभं आहे एवढंच. सुरुवातीला ती वर, तो खाली. मग ती त्याच्या हाताखालून निसटून खाली उतरते. आता ती दारापाशी आणि तो वर. तिथून तो शब्द देतो, मी जिना उतरणार नाही, आणि हनुवटी मुठींत टेकवून बसतो.

मी म्हटलं, ‘‘सर, त्यानंतर तो उठल्याचं कवितेत कुठे लिहिलेलं नाही. ती धमकी तो जिन्यावर बसूनच देतोय.’’

ते काही बोलले नाहीत. समोरचं पुस्तक त्यांनी जवळ ओढलं आणि ती ओळ शोधू लागले.