मुंबई–उरण: जाताना लोकल, येताना अटल सेतू

शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू आणि खारकोपर–उरण रेल्वेमार्ग या दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, १२ जानेवारी २०२४ रोजी. तेव्हापासून उलवे, जासई, द्रोणागिरी, उरण या पट्ट्यात ‘रस्ता की रेल्वे’ हा वाद नाक्यावरही चालतो आणि बिल्डरच्या ऑफिसातही. नकाशा समोर ठेवून तो मिटत नाही. म्हणून कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळेला सीएसएमटीहून लोकलने उरण आणि उरणहून कारने सेतूवरून परत, असा फेरा केला. या रस्त्याने रोज जायचा किंवा तिकडे घर घ्यायचा विचार असेल, तर पुढची माहिती उपयोगी पडेल.

सीएसएमटीहून उरणला थेट गाडी नाही. हार्बरची बेलापूर किंवा पनवेल लोकल पकडायची आणि पुढे गाडी बदलायची. बदलायची कुठे, हे निघण्याआधीच पाहून ठेवा. उरणच्या काही गाड्या नेरुळहून सुटतात, काही बेलापूरहून. सवयीने नेरुळला उतरलात आणि पुढची गाडी बेलापूरची निघाली, तर फलाटावर तासभर जातो. अशा वेळी तिथे बसून राहू नका. पाठोपाठच्या बेलापूर किंवा पनवेल लोकलने दोन स्थानकं पुढे जा. नेरुळ ते बेलापूर आठ-दहा मिनिटांचंच अंतर आहे. सीएसएमटी ते नेरुळ सुमारे एक तास धरा, नेरुळ ते उरण चाळीस मिनिटांच्या आसपास, आणि मधली वाट पाहण्याची वेळ वेगळी. गाड्यांचा मेळ बसला तर पावणेदोन तास, नाही बसला तर अडीच. ठाणे, ऐरोली, घणसोलीकडच्यांनी कुर्ल्याच्या वाटेला जाऊच नये. ट्रान्स-हार्बरची ठाणे–नेरुळ किंवा ठाणे–पनवेल लोकल थेट नेरुळला आणून सोडते.

तिकीट रेलवन ॲपवर काढता येतं. पेपरलेस तिकीट स्थानकाच्या आवारात शिरण्याआधी काढावं. फलाटावर उभं राहून काढायला गेलात तर ॲप नकार देतं, मग क्यूआर कोड शोधत फिरावं लागतं. सीएसएमटी ते उरण दुसऱ्या वर्गाचं एकेरी भाडं वीस रुपयांच्या घरात आहे. रविवारी हार्बरवर बरेचदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. उरणची गाडी चालू आणि तिथवर नेणारी हार्बर बंद, अशी वेळ येऊ शकते. नुसती सहल असली तरी आदल्या दिवशीची ब्लॉकची बातमी वाचून मगच निघा.

लोकलमध्ये शिवडी स्थानक आलं की उजव्या हाताला, पूर्वेला लक्ष ठेवा. अटल सेतू इथूनच समुद्रात शिरतो आणि सरळ पलीकडच्या काठाला लागतो. लोकल मात्र वडाळा, कुर्ला, मानखुर्द असा उत्तरेकडून वळसा घेऊन खाडी ओलांडते आणि वाशीवरून पुन्हा दक्षिणेला येते. सेतूची लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले १६.५ किलोमीटर पाण्यावर, सहा मार्गिका. पण रूळ एकही नाही. दक्षिण मुंबईला जाण्यात रेल्वे मागे पडते ती या वळशामुळे. लोकलचा वेग कमी पडत नाही, तिचा रस्ताच लांबचा आहे.

सीवूड्सनंतर गाडी पनवेल खाडी ओलांडते. दोन्ही बाजूंना कांदळवन, पुढे उलव्याचे टॉवर. तरघर हे नवी मुंबई विमानतळाला सर्वांत जवळचं स्थानक. विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. त्याच्या थोडं आधी तरघर आणि गव्हाण ही स्थानकं उघडली आणि दिवसाच्या फेऱ्या ४० वरून ५० झाल्या. मात्र तरघरला उतरलं की समोर टर्मिनल, असं नाही. तिथून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते. विमान गाठायचं असेल तर या मार्गावरची एक गाडी चुकेल असं धरूनच वेळ काढा.

बामणडोंगरी आणि खारकोपर ही उलव्याची स्थानकं. इथे शेअर रिक्षा मिळतात, एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) बसही आहेत. शेमटीखार, न्हावा शेवा, द्रोणागिरी या स्थानकांच्या इमारती प्रशस्त आहेत, बाहेर मात्र वस्ती विरळ. दिवेलागणीनंतर तिथे रिक्षा मिळेलच असं धरू नका. स्थानकावर न्यायला कोणी येणार असेल तर गाडी नेरुळहून सुटतानाच फोन करा. पावसाळ्यात भुयारी मार्गातून जाताना पायाखाली बघून चाला, पाणी साचतं.

आता या मार्गाचं खरं दुखणं. ५० फेऱ्या म्हणजे एका दिशेने २५. पहाटेपासून रात्रीपर्यंत साधारण अठरा-एकोणीस तास धरले, तर उरणच्या फलाटावर सरासरी पाऊण तासाला एक गाडी. या २५ पुन्हा नेरुळ आणि बेलापूर अशा दोन टोकांत वाटलेल्या. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसून आणि बऱ्यापैकी उभं राहून अडीच हजार माणसं सहज जातात. गर्दीच्या वेळी हार्बरवर याहून कितीतरी जास्त कोंबली जातात, पण हिशेब माणुसकीने करू. पाऊण तासाला एक गाडी म्हणजे ताशी सव्वातीन हजारांच्या आसपास माणसं. महामार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला सुमारे दोन हजार वाहनं जातात आणि कारमध्ये सरासरी दीड माणूस, म्हणजे तीन हजार. दुहेरी रूळ टाकले, विजेच्या तारा ओढल्या, पूल बांधले, स्थानकं उभी केली, आणि आज त्यातून मिळतं आहे ते रस्त्याच्या एका लेनइतकं.

हाच हिशेब पुढे न्या. सेतूच्या एका दिशेच्या तीन मार्गिका खच्चून भरल्या तर ताशी नऊ हजार माणसं. तेवढी माणसं वाहायला लोकलच्या फक्त चार फेऱ्या लागतात, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी एक गाडी. त्यासाठी नवा रूळ टाकावा लागत नाही. रेक (डब्यांचे संच) लागतात, मोटरमन लागतात, आणि नेरुळ-बेलापूरला हार्बरच्या वेळापत्रकात जागा काढावी लागते. उरणच्या संपूर्ण मार्गाचा खर्च सुमारे २,९०० कोटी रुपये. त्यातला ६७ टक्के सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सेतूला सुमारे १७,८०० कोटी लागले. सेतूवर रोज ७० हजार वाहनांचा अंदाज होता. पहिल्या वर्षी सरासरी तेवीस हजारांच्या आसपास गेली. इतक्या वाहनांत दीडच्या हिशेबाने जी माणसं बसतात, ती चौदा लोकलमध्ये मावतात. रूळ रिकामे पडले असताना ‘लोकांना रेल्वे नको आहे’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. पाऊण तास थांबायला लावणारी सेवा कोणालाच नको असते.

परतीचा रस्ता. उरणहून सेतूचं चिर्ले टोक दहा-बारा किलोमीटर आहे, आणि या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा भाग हाच. करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा हा जेएनपीए बंदराच्या कंटेनर ट्रेलरचा रस्ता. ट्रेलर डाव्या कडेला उभे असतात, रात्री बरेचदा मागचा दिवा न लावता. म्हणून डावी मार्गिका रिकामी दिसली तरी तिच्यातून वेगाने जाऊ नका. बंदरात जहाजांची गर्दी असली की रांग फाट्यापर्यंत येते. हे अंतर कधी वीस मिनिटांत कापलं जातं, कधी पन्नास. उलव्यात राहणाऱ्यांनी चिर्ल्यापर्यंत जायचं कारण नाही, शिवाजीनगरचा जोडरस्ता त्यांच्यासाठीच आहे.

सेतूवर कारला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. कॅमेरे सगळीकडे आहेत आणि रॅम्पवरच जास्त लोक सापडतात, कारण १०० वरून ४० वर यायला वाटतं त्याहून जास्त अंतर लागतं. थांबायला मनाई आहे. फोटोसाठी गाडी कडेला घेतली तर दंड होतोच, शिवाय मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. सेतूवर पेट्रोल पंप नाही. टाकीत इंधन आणि टायरमध्ये हवा बघून चढा. कारचा टोल एकेरी २५० रुपये, परतीसह ३७५. ईव्हीला ऑगस्ट २०२५ पासून माफी आहे. तरीही फास्टॅगचा संदेश तपासा, पैसे कापले गेले असतील तर लगेच तक्रार टाका. दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी.

दुचाकीबंदी वरवर किरकोळ वाटते, पण या भागात ज्याच्या दारात वाहन आहे त्याच्या दारात बहुधा मोटरसायकलच आहे. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात ज्यांच्या घरची माणसं गोळीबारात गेली आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळवायला ज्यांना वर्षानुवर्षं लढावं लागलं, त्या गावांतल्या कित्येकांच्या उशाला सेतू आहे, पण त्यावर त्यांना चढता येत नाही. त्यांच्यासाठी रेल्वे आणि बस हीच सार्वजनिक सोय, आणि म्हणून गाड्यांच्या फेऱ्यांचा प्रश्न हा केवळ चाकरमान्यांचा नाही.

सेतू स्वतः पंधरा-वीस मिनिटांत संपतो. शिवडीला उतरताना मार्गिका आधीच धरा. दक्षिणेला जायचं की चेंबूरकडे, ते शेवटच्या क्षणी ठरवून भागत नाही. दक्षिणेकडचा ईस्टर्न फ्रीवे पी. डि’मेलो रस्त्यावर उतरतो आणि सकाळी तिथेच गाडी अडकते. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू असल्याने या टोकाला जास्तीची वीस मिनिटं राखून ठेवा. ‘मुंबई वीस मिनिटांवर’ ही जाहिरात शिवडीच्या रॅम्पपर्यंत खरी आहे. उरणच्या घरापासून फोर्टच्या ऑफिसापर्यंत कारने सव्वा ते पावणेदोन तास धरा. महिन्याला बावीस दिवस येण्या-जाण्याचा टोलच ८,२५० रुपये होतो, त्यावर इंधन आणि पार्किंग. ऑक्टोबर २०२४ पासून वाशी टोलनाक्यावर कारला टोल नाही. सेतू अपेक्षेइतका भरत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं.

मग जायचं कशाने? फोर्ट, मंत्रालय, कफ परेड ठिकाण असेल तर सेतूवरून जाणारी बस लोकलपेक्षा सरस ठरते. एनएमएमटीच्या ११५ आणि ११६ क्रमांकाच्या वातानुकूलित बस खारकोपर आणि नेरुळहून मंत्रालयाकडे जातात. फेऱ्या मोजक्याच असल्याने त्या दिवसाची वेळ ॲपवर बघून निघा. चेंबूर, कुर्ला, वाशी, ठाणे किंवा बीकेसी असेल तर लोकलच घ्यावी. तिकडे जायला सेतूचा काही उपयोग नाही, शिवडीहून पुन्हा उत्तरेला यावं लागतं. आणि अलिबागला पुढे जायचं असेल तर उरण स्थानकाहून रिक्षाने करंजा गाठा. तिथून रेवसची लाँच खाडी ओलांडून देते. मुंबईतला भाऊचा धक्का ते उरणचं मोरा बंदर ही जुनी लाँचही चालू आहे, पण मोऱ्याला गाळ असल्यामुळे मोठ्या ओहोटीला फेऱ्या रखडतात. तिथीवरून भरती-ओहोटी पाहा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त जपा.

आमचं मत स्पष्ट आहे. या पट्ट्यात पुढचा पैसा नव्या मार्गिकांवर घालण्याआधी आहे त्या रुळांवर गर्दीच्या वेळी पंधरा मिनिटांना गाडी, दोन-तीन फेऱ्या थेट सीएसएमटीपर्यंत, आणि सेतूवर दर दहा मिनिटांनी बस, एवढं व्हायला हवं. उलव्यात किंवा द्रोणागिरीत फ्लॅट बघत असाल तर बुकिंगची रक्कम देण्याआधी मंगळवार-बुधवारसारख्या दिवशी सकाळी आठला त्या इमारतीच्या दारातून निघा, स्थानकापर्यंत पायी जा, येईल त्या गाडीने ऑफिस गाठा, आणि संध्याकाळी सातनंतर तसेच परत या. जुलैत जमलं तर उत्तम.